निवडणूक कोण घेते?

बी. ए.च्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो : महानगरपालिकेची निवडणूक कोण घेते? बहुतेक विद्यार्थी 'दिल्लीचा निवडणूक आयोग' असे उत्तर देतात. काहीजण 'सरकार' म्हणतात. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारावर 'राज्य चुनावणा आयोग' अशी कन्नड पाटी त्यांनी वाचलेली असते, पण ही निराळी संस्था आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही उत्तरे चुकीचीच. तरीपण दुसऱ्या उत्तरात थोडा अनुभव बोलतो, असे मला वाटते.

७३वी व ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली अंमलात आली आणि प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाची तरतूद झाली. २४३-के या कलमान्वये पंचायतींच्या मतदार याद्या तयार करणे व निवडणुका घेणे यांचे अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण या आयोगाकडे आहे. २४३-झेडए हे कलम तेच काम नगरपालिकांसाठी सोपविते. आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात. मात्र त्याला पदावरून काढावयाचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच पद्धत अनुसरावी लागते, आणि नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत.

एवढे संरक्षण कशासाठी? कारण ज्या सरकारच्या पक्षाला निवडणूक लढवायची असते, त्याच सरकारकडून आयोगाला कर्मचारी मागून घ्यावे लागतात. आम्ही प्राध्यापक मतदान केंद्रावर जातो ते त्यातलेच!

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार राज्याच्या कायदा सचिवांकडेच देण्यात आला होता. म्हणजे सरकारचा नोकर सकाळी सचिव, दुपारी आयुक्त! त्यातच काही नगरपालिकांत स्त्रियांना एक-तृतीयांशापेक्षा कमी जागा राखीव ठेवल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात असतानाच निवडणूक जाहीर झाली. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच नगरपालिकांचे आरक्षण रद्द केले. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शिवाय, सरकारी अधिकाऱ्याकडे हे पद देणे ही घटनेची थट्टा आहे, असे खडसावून कोणत्याही राज्यात असा अधिकारी या पदावर असल्यास त्याने पायउतार व्हावे, असा आदेश दिला.

आंध्र प्रदेशात २०२० साली वेगळी वाट काढण्यात आली. साथीमुळे निवडणूक पुढे ढकलणाऱ्या आयुक्तांची मुदतच वटहुकुमाने पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणली गेली. उच्च न्यायालयाने तो वटहुकूम रद्द ठरविला.

आता आपल्या घरचे पाहू. २४३-के मध्ये मतदार यादी आहे, निवडणूक आहे. परंतु मतदारसंघांची रचना आणि आरक्षण यांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. माझ्या मते सारी गोम येथेच आहे. या दोन गोष्टी ठरल्याशिवाय आयोगाला तारीख जाहीर करता येत नाही. कर्नाटकात जिल्हा व तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ साली झाल्या; मुदत २०२१ मध्ये संपली. आयोगाने रचनेचे व आरक्षणाचे मसुदे प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून ते काम आयोगाकडून काढून घेतले, आणि घटनेत पाच वर्षांची मुदत स्पष्ट लिहिलेली असूनही निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हा तेथेही प्रशासक आला.

हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सरकारनं ऐकलंच नाही तर आयोगानं करायचं काय?" किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे : सरकार सहकार्य करीत नसेल तर आयोगाने आधी उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात जावे. कर्नाटकाचा आयोग त्या दुरुस्तीविरुद्ध तसा गेलाही.