रात्री दोन वाजता आयसीयूत कोण असतं?

प्रश्न : आमच्या मामंजींना गेल्या पावसाळ्यात झोपेत पान लागलं. मण्यार जातीचा साप होता. कोल्हापूरच्या एका रुग्णालयात ते बरेच दिवस आयसीयूत होते. दिवसा मोठे डॉक्टर राउंडला येत, पण रात्री तिशीतला एक डॉक्टरच सगळं बघायचा. पहिल्या रात्री तो सारखा यायचा आणि म्हणायचा, ‘आजोबा, एका दमात आकडे म्हणा बघू.’ पुढे त्यानेच घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. मामंजी बरे होऊन घरी आले, पण तो डॉक्टर अजून शिकतोय हे मागाहून कळलं आणि पोटात धस्स झालं. एवढ्या नाजूक जागी शिकाऊ डॉक्टरच्या हाती पेशंट कसा सोपवतात? आणि ते आकडे कशासाठी?
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : आधी आकड्यांचं सांगतो, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप विषामुळे तुटत जातो आणि अखेरीस श्वासाच्या स्नायूंची पाळी येते. श्वास एकदम बंद पडत नाही, आधी उथळ होत जातो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर बोटावरच्या यंत्रातला आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो. त्याच्यावर विसंबलं तर फसायला होतं. म्हणून एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते पाहायचं. संध्याकाळी पंचविसाच्या पुढे जाणारा माणूस मध्यरात्री पंधरावर थांबला आणि पहाटे दहाच्या आत अडखळला, तर नळी घालायची वेळ आली हे यंत्राच्या आधी कळतं. उशीवरून मान उचलता येते का, हेही तेवढ्यासाठीच बघतात.

ही परीक्षा एकदा घेऊन उपयोग नसतो. ती परत परत घ्यावी लागते आणि मागच्या खेपेशी ताडून बघावी लागते. सकाळच्या राउंडला पाच मिनिटं उभे राहणारे प्राध्यापक कितीही नावाजलेले असोत, त्यांना ही घसरण दिसणार नाही. ती खाटेशी रात्र काढणाऱ्यालाच दिसते.

आता तो ‘शिकाऊ’ कोण ते पाहू. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक झाल्यावर माणूस डॉक्टर होतो. त्यानंतर मेडिसिन किंवा भूलशास्त्रात एमडी करायला तीन वर्षं लागतात. त्या काळात तो ज्युनियर रेसिडेंट असतो, वॉर्डातल्या बोलीत जेआर. एमडी झालेला डॉक्टर पुढे सीनियर रेसिडेंट होतो, म्हणजे एसआर. वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं, तर सहसा एसआर म्हणून वर्षभर काम केलेलं असावं लागतं. आयसीयूचंच शास्त्र घेणारे त्यानंतर तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी करतात. थोडक्यात, नळी घालणारा तुमचा डॉक्टर एसआर असेल, तर तो तेव्हाच पदवीधर तज्ज्ञ होता. शिकत होता ते त्याच्या पुढचं.

पन्हाळ्याचा गंभीर पेशंट वाघबिळाकडून खाली उतरून पंचगंगा ओलांडतो, तेव्हा पुष्कळदा त्याची गाठ अशाच डॉक्टरांशी पडते. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय चोवीस तास चालतं ते रेसिडेंट डॉक्टरांच्या बळावर. ही रीत फक्त आपल्याकडची नाही आणि केवळ माणसं कमी म्हणूनही पडलेली नाही.

आयसीयूचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांच्या हातून झाला. 1952 साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायची असं सुचवलं. बारा वर्षांच्या एका मुलीवर ते साधलं. पण पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1953 मध्ये, इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. तो जगातला पहिला आयसीयू मानला जातो. आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. फारोख उदवाडिया यांचं नाव अग्रक्रमाने घेतात.

खाटेशी थांबण्याचं मोल महाराष्ट्राने आणखी एका ठिकाणी पाहिलं आहे. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावून माणसं मरत होती आणि ती नेमकी कशाने मरतात हे नीट कळत नव्हतं. बावस्कर रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवत गेले. हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू कितीतरी कमी झाले. हातात मोठी यंत्रं नव्हती, होती ती चिकाटीने केलेली देखरेख.

मग रात्रीचा एसआर काय काय स्वतःच्या अधिकारात करतो? याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात.

पहिला भाग, जिथे विचारायला वेळच नसतो. श्वास थांबला, रक्तदाब कोसळला, हृदय बंद पडलं, की तो लगेच हात घालतो. नळी, छातीवर दाब, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रिनॅलिनचा पंप. मोठ्या डॉक्टरांना फोन जातो, पण तो सिस्टर लावतात किंवा जेआर. त्या घटकेला त्याचे हात रिकामे नसतात.

दुसरा भाग, जिथे तो ठरवतो पण वरच्यांना कळवून. सर्पविषावरच्या लसीचा पुढचा डोस द्यायचा का, किडनी थकली तर डायलिसिस लावायचं का, आज नळी काढून बघायची का. मण्यारच्या बाबतीत इथेच खरा कस लागतो. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर असते. ती रक्तात फिरणारं विष बांधते, पण मण्यारच्या विषाने नसांच्या टोकांचं जे नुकसान केलं ते भरून काढत नाही. ती टोकं आपली आपण सुधारायला कित्येक दिवस जातात. तेवढे दिवस व्हेंटिलेटर नीट चालवणं हाच उपचार असतो. पापणी हलत नाही म्हणून लसीच्या बाटल्यांवर बाटल्या चढवत बसू नये, हे शिकावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं एक शिकावं लागतं. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात. हातपाय लुळे, डोळे मिटलेले. नवख्याला वाटावं, मेंदू गेला. प्रत्यक्षात पेशंट आतून जागा असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. म्हणून जाणता एसआर जेआरला बजावतो, की खाटेशी वाटेल ते बोलायचं नाही, नळीतून स्राव ओढण्याआधी ‘आजोबा, घशातली थुंकी काढतोय’ असं सांगायचं, आणि झोपेचं औषध पुरेसं आहे ना ते बघायचं. मामंजींना विचारून बघा, त्या दिवसांतलं बोलणं कदाचित त्यांना आठवत असेल.

तिसरा भाग, जिथे त्याला एकट्याला अधिकारच नाही. उपचाराने काही साधणार नाही म्हणून व्हेंटिलेटर काढायचा, हा त्यातला सर्वांत मोठा निर्णय. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यासाठी पद्धत घालून दिली आणि जानेवारी 2023 मध्ये ती सुटसुटीत केली. तीत डॉक्टरांची दोन मंडळं लागतात, कुटुंबाची संमती लागते. अवयवदानासाठी मेंदूमृत्यू ठरवायचा तर 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. रात्रपाळीच्या एका डॉक्टरच्या सहीवर यातलं काहीच होत नाही.

तेव्हा भीती बाळगायची तर शिकाऊ डॉक्टरची नको. जिथे त्याला रात्री तीनला सरांना उठवायचा संकोच वाटतो, तिथली बाळगा. चांगल्या विभागात ‘उगाच फोन केलास’ असं कोणी म्हणत नाही. कधी फोन करायचा हे कळणं हीच सीनियर होण्याची खूण मानतात.

दुसरी भीती थकव्याची. केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशात रेसिडेंटकडून सलग 12 तासांहून जास्त आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त काम घेऊ नये असं म्हटलं आहे. प्रत्यक्षातल्या पाळ्या याच्या कितीतरी पुढे जातात आणि निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना त्यावरून वारंवार आवाज उठवते. पाळ्या आखूड केल्या तर पेशंट जास्त हातांतून जातो आणि सांगोवांगीत काहीतरी निसटतं, असंही म्हणतात. ते खरं आहे, पण त्यावर इलाज खाटेशी उभं राहून नीट हँडओव्हर देणं हा आहे. छत्तीस तास जागा राहिलेला माणूस औषधाचं दशांश चिन्ह चुकवतो, त्यावर असा इलाज नाही.

घरच्यांनी काय करावं? रात्रीच्या डॉक्टरला तीन गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात : तुमच्या वरचे डॉक्टर कोण, त्यांना कळवलंय का, आणि आज रात्री तुम्ही कशावर नजर ठेवून आहात? तिसऱ्या प्रश्नाचं जो सरळ उत्तर देतो, त्याच्यावर निर्धास्त विसंबावं. आपल्याकडूनही त्याला दोन गोष्टी द्याव्यात. पेशंट धडधाकट कधी दिसला होता ती वेळ, आणि पापण्या कधी जड झाल्या ती वेळ. मण्यारच्या दंशाची खूण सापडेलच असं नाही, पण या दोन वेळांवरून विष किती वेगाने चढतंय याचा अंदाज त्याला बांधता येतो. आणि येत्या पावसाळ्यात मामंजींचं अंथरूण खाटेवर घाला, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून.