हात लावणारे

आर्वी

चि. ऋतुजा,


वर्ध्याच्या वसतिगृहात जागा मिळाली, छान झालं. सामान कसं न्यायचं याचा घोर मात्र तुझ्या आईने लावून घेतलाय. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून इथला सगळा बोजा एसटीवरच. एक पेटी, एक वळकटी, एक पिशवी. त्यावर काही नको. तिथे गेल्यावर सेवाग्रामची बापूकुटी बघून ये. 1936 पासून तिथे राहिलेल्या माणसाचं सामान केवढंसं ते बघ, मग तुझ्या बारा ड्रेसचं बोलू.

मदतीला कोणी भेटेल का, असं विचारलंस. भेटतं, पण तू ज्यांच्याकडे बघशील ते नव्हे. शिलाई मशीनचं मुंडकं घेऊन मी पुलगावच्या स्टँडवर उभी होते. धडधाकट पोरं मोबाइलमध्ये. एक म्हातारी निंदणाहून आलेली, डोक्यावर चुंबळ तशीच. स्वतःचं गाठोडं खाली टाकून म्हणाली, “धर वं बाई तिकडून.” गुडघ्याचा टेका देऊन तिने मशीन पायरीवर चढवलं, सीटखाली सारलं आणि ब्रेक लागला की घसरू नये म्हणून डोक्यावरची चुंबळ काढून त्याखाली दाबली. उतरताना मात्र आठवणीने परत मागून घेतली.

कापूस वेचणाऱ्या बाईला भरलेलं गाठोडं एकटीने डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने हात लावावा लागतो, मग तिसरीने तिला. जन्मभर हेच केलेल्या बाईला दुसऱ्याचं ओझं आधी दिसतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून अशा बाया गाडीत जास्त भेटतात. अर्ध्या तिकिटावर कुरकुरणारे भेटतात, त्यांना सांग, पेटी कोणी चढवली ते.

पण तोंड उघडावं लागतं. अवघडून उभी राहिलीस की लोकांना वाटतं, हिचं कोणीतरी येतंय. “मावशी, जरा हात लावता का?” एवढं पुरतं. पेटी द्यावी, पर्स आणि मार्कशीटची फाइल देऊ नये, ती खांद्यालाच. कुठे उतरणार ते आधी सांगून ठेव, म्हणजे गर्दीत सामान मागे राहत नाही. पेटी वाटेत ठेवू नकोस, कंडक्टर ओरडतो आणि त्याचं बरोबरच असतं. हमाल केलास तर पैसे आधी ठरव, मग घासाघीस नको. मावशीच्या हातावर मात्र दहाची नोट टेकवू नकोस, तिच्या मनाला ते लागतं. तिची पिशवी खाली उतरवून दे.

दिवाळीला येताना गोरसपाक आण. पिशवीत सगळ्यात वर ठेव, मागच्या वेळी तुझ्या बाबाने चुराच आणला होता.

तुझी,
आत्या