रुपयांचे पैसे आणि पैशांचे रुपये

सहामाही परीक्षेंत आम्ही सहाव्या इयत्तेस एक प्रश्न घातला होता : ७२५ पैशांचे रुपये करा. बहुतेक सर्वांनीं ७ रुपये २५ पैसे असें अचूक उत्तर लिहिलें आणि आम्हांस समाधान वाटलें. तें समाधान फार दिवस टिकलें नाहीं.

त्या वर्गांत सेमाडोहची एक मुलगी होती. गणितांत तिला पैकींच्या पैकीं गुण मिळाले होते. पुढें उन्हाळ्याच्या सुटींत, पेरणीच्या आधीं, तिचे वडील तिला घेऊन बसनें दूरच्या गांवीं बँकेंत गेले. बियाण्यासाठीं पैसे काढावयाचे होते. वडिलांस लिहितां येत नाहीं. मुलगी शिकते आहे, ती फॉर्म भरील, ह्या भरंवशावर ते निघाले होते. पासबुकांत शिल्लक १२५०.५० अशी छापलेली होती. मुलीनें फॉर्मवर १२५०५० असा आंकडा घातला आणि त्याखालीं अक्षरांत 'एक लाख पंचवीस हजार पन्नास रुपये' असें लिहिलें. खिडकीपलीकडील मनुष्य हंसला, रांगेंतील लोकहि हंसले, आणि फॉर्म परत आला. दुसरा फॉर्म मागण्याचा धीर त्या बापलेकींस झाला नाहीं. ते रिकाम्या हातानें परतले. एका दिवसाची मजुरी बुडाली, बसचें भाडें गेलें, आणि बियाणें उधारीवर घ्यावें लागलें.

शाळा उघडल्यावर तिनें हें सर्व आम्हांस सांगितलें आणि विचारलें, "सर, मधलें तें टिंब कशाचें होतें?"

ह्या प्रश्नानें आमची मान खालीं गेली. वर्गांत आम्ही उभी रेघ मारून रुपये एका खान्यांत व पैसे दुसऱ्या खान्यांत लिहवीत होतों. टिंब आम्ही दशांश अपूर्णांकांच्या धड्यांत निराळें शिकवीत होतों. ती रेघ व तें टिंब एकच काम करतात, हें सांगावयाचें राहून गेलें होतें. चूक तिची नव्हती, आमची होती. म्हणून तो धडा आम्ही मुळापासून पुन्हां शिकविला. त्याच्या पायऱ्या येथें देत आहों. विद्यार्थ्यांनीं त्या उजळणीसाठीं वाचाव्या व पालकांनीं घरीं मुलांकडून करवून घ्याव्या.

पहिली पायरी : न पाहिलेलें नाणें

पहिली अडचण अशी कीं, आजच्या मुलांनीं पैसा हातांत धरलेलाच नाहीं. पंचवीस पैशांचें व त्याखालचीं सर्व नाणीं ३० जून २०११ नंतर चलनांतून गेलीं. पन्नास पैशांचें नाणें कायद्यानें अजून चालतें, परंतु दुकानांत तें क्वचितच दिसतें. मात्र हिशेबांतून पैसा गेलेला नाहीं. विजेचें बिल, पेट्रोलचा भाव, ह्यांत तो आहे. जें नाणें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्याचा हिशेब मात्र बिनचूक करावयाचा, असें हें काम आहे.

ह्यासाठीं आम्ही चिंचोके आणविले. एक चिंचोका म्हणजे एक पैसा. पळसाच्या पानांचे द्रोण केले आणि एका द्रोणांत शंभर चिंचोके मोजून भरले. भरलेला द्रोण म्हणजे एक रुपया. मोजतांना मुलें कंटाळलीं, कांहीं चुकलीं, पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागलीं. हा कंटाळाहि उपयोगी पडला. शंभर पैसे म्हणजे किती, हें त्यांच्या बोटांस कळलें.

मग एका मुलापुढें एक भरलेला द्रोण ठेवला व दुसऱ्यापुढें शंभर चिंचोक्यांचा ढीग ओतला आणि विचारलें, "जास्त पैसे कोणाजवळ?" मोठीं मुलें हंसलीं. परंतु पाहुणीं म्हणून बसलेलीं लहान भावंडें ढिगाकडे बोट दाखवूं लागलीं. ढीग मोठा दिसतो, म्हणून मोल मोठें वाटतें. संख्या बदलली तरी मोल बदलत नाहीं, ही गोष्ट मनांत ठसल्यावांचून पुढची पायरी चढूं नये.

दुसरी पायरी : बांधणें व सोडणें

आतां ३५० चिंचोके घ्या व त्यांचे द्रोण भरा. तीन द्रोण भरतात आणि पन्नास चिंचोके उरतात. म्हणजे ३५० पैसे म्हणजे ३ रुपये ५० पैसे. आपण काय केलें? शंभराशंभराचे गट बांधले. गट बांधणें ह्यासच भागाकार म्हणतात. किती गट झाले तो भागाकार, म्हणजे रुपये. उरली ती बाकी, म्हणजे पैसे.

उलट, चार द्रोण व वीस सुटे चिंचोके असले, तर द्रोण सोडून ओता. चार वेळां शंभर, अधिक वीस, म्हणजे ४२० पैसे. गट सोडणें म्हणजे गुणाकार.

'मोठ्याचें लहान करतांना गुणा, लहानाचें मोठें करतांना भागा' हा नियम मुलें पाठ करतात आणि परीक्षेच्या गडबडींत उलटा लावतात. त्यावर एक पडताळा आम्ही सांगतों : नाणें लहान तर संख्या मोठी, नाणें मोठें तर संख्या लहान. कोणी ९ रुपयांचे ९ भागिले १०० असे पैसे काढले, तर त्यानें स्वतःस विचारावें, नऊ रुपये सोडल्यावर एक पैसाहि होऊं नये, हें कसें? चूक तेथेंच सांपडेल.

तिसरी पायरी : टिंबाची भिंत

ज्या टिंबानें त्या मुलीस अडविलें, त्याकडे आतां वळूं.

रुपये-पैशांच्या आंकड्यांतील टिंब ही एक भिंत आहे. भिंतीच्या डावीकडे भरलेले द्रोण, उजवीकडे सुटे चिंचोके. १२५०.५० म्हणजे डावीकडे एक हजार दोनशें पन्नास रुपये आणि उजवीकडे पन्नास पैसे. भिंत पाडली कीं सुटे चिंचोके द्रोणांत मिसळतात, आणि बाराशें पन्नास रुपयांचे सवा लाख होतात. कागदावर झालेली ही श्रीमंती कोणाच्याहि हातीं पडत नाहीं.

भिंतीच्या उजवीकडे दोन घरें असतात. पहिलें घर दहा-दहा पैशांचें, दुसरें घर एक-एक पैशाचें. म्हणून ७ रुपये ५० पैसे हे ७.५० असे लिहावे आणि ७ रुपये ५ पैसे हे ७.०५ असे लिहावे. दहाच्या घरांत कांहीं नसेल तर तेथें शून्य बसवावें. घर रिकामें ठेवूं नये. सात रुपये पांच पैसे ७.५ असे लिहिले, तर पांच पैशांचे पन्नास पैसे झाले. मोबाइलवरील गणकयंत्र शेवटचें शून्य गाळून ७.५० च्या ठिकाणीं ७.५ असें दाखवितें. तें पाहून 'सात रुपये पांच पैसे' असें वाचणारे विद्यार्थी आम्हांस दर वर्षीं भेटतात. तेथें दहाच्या घरांत पांच आहेत, म्हणून ते पन्नास पैसे होत.

चौथी पायरी : आजोबा-पणजोबांचा हिशेब

कोणी म्हणेल, एवढ्या सोप्या गोष्टीसाठीं द्रोण कशास? ह्याचें उत्तर जुन्या हिशेबांत मिळतें.

१९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै होत. म्हणजे एका रुपयांत चौसष्ट पैसे किंवा एकशें ब्याण्णव पै. दोन आण्यांस चवली, चार आण्यांस पावली व आठ आण्यांस अधेली म्हणत. समजा, ५ रुपये ७ आणे ९ पै ह्यांच्या पै करावयाच्या आहेत. पांच सोळे ऐंशी, अधिक सात, म्हणजे ८७ आणे. सत्याऐंशी बारे एक हजार चव्वेचाळीस, अधिक नऊ, म्हणजे १०५३ पै. परत यावयाचें तर प्रथम बारांनीं भागावें, ८७ आणे येतात व ९ पै उरतात. मग सोळांनीं भागावें, ५ रुपये येतात व ७ आणे उरतात. सोळा ह्या संख्येचे अर्धे, पाव, अर्धपाव सहज पडतात, म्हणून बाजारांत ती सोयीची होती. मात्र कागदावर ती कष्टाची होती. पावकी, निमकी, पाउणकी पाठ केल्यावांचून त्या काळीं भागत नसे.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान चलन सुरू झालें आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ जून १९६४ पासून त्यांतील 'नवे' हा शब्द गेला. जुनीं व नवीं नाणीं कांहीं काळ एकत्र चालत. चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस नवे पैसे. परंतु एक आणा म्हणजे सव्वासहा. सव्वासहा पैसे कोणी कसे द्यावे? म्हणून सरकारी कोष्टकांत एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नवे पैसे ठरले. विद्यार्थ्यांनीं पाहावें : एक आण्याची वस्तु चार वेळां निरनिराळी घेतली तर २४ पैसे, एकदम चार घेतल्या तर २५! त्या दिवसांत ज्यास हिशेब येत होता, त्याचा पैसा वांचत होता.

चलन परकें असलें कीं उलगडून सांगावें लागतें, ही गोष्ट फार जुनी आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत गरीब विधवेनें दोन लहान तांब्याचीं नाणीं टाकल्याचें सांगून, त्या दोहोंचें मिळून एक रोमी नाणें होतें, असा खुलासा लगेच केला आहे. इंग्लंडांतहि १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत पौंडाचे वीस शिलिंग व शिलिंगाचे बारा पेन्स होते. त्या दिवसापासून पौंडाचे शंभर पेन्स झाले.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट कळली. जुन्या मुलास प्रत्येक वेळीं रुपयांत किती आणे, आण्यांत किती पै, हें आठवावेंच लागे. नव्या मुलास ५ रुपये ४३ पैशांचे ५४३ पैसे करण्यास कांहींच करावें लागत नाहीं. आंकडे शेजारीं मांडले कीं झालें. पद्धति इतकी सोपी आहे कीं, अर्थ न कळतांहि उत्तर बरोबर येतें. आमच्या सहाव्या इयत्तेचीं उत्तरें तशींच बरोबर आलीं होतीं.

पालकांस विनंती

घरीं शिकविण्यास पाटी लागत नाहीं. मेळघाटांतील कांहीं पालक आम्हांस म्हणतात, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार? परंतु कोरकू घरांतील वडील माणसें विसाविसांच्या गटांनीं मोजतात. आमच्या वऱ्हाडी खेड्यांतील म्हातारींहि 'पांच विसा म्हणजे शंभर' असें म्हणत. विसाच्या पांच नोटा देऊन शंभराची एक नोट घेणें हा तोच हिशेब आहे. जो विसांचा गट बांधतो, त्यास शंभराचा गट बांधतां येतो. मुलास आजोबांजवळ बसवून मोजूं द्यावें.

दुकानांत मुलास पाठवावें आणि परत आलेले पैसे त्यालाच मोजावयास लावावे. तेसष्ट रुपयांचा माल घेऊन शंभराची नोट दिली, तर वजाबाकी न मांडतां पुढें मोजत जावें : दोन दिले कीं पांसष्ट, पांच दिले कीं सत्तर, तीस दिले कीं शंभर; म्हणजे ३७ परत. चुकल्यास रागावूं नये. घरांत चुकलेलें फुकट सुधारतें. बाहेर चुकलेल्याची किंमत मोजावी लागते.

आणि पासबुक पेटींत बंद ठेवूं नये. महिन्यांतून एकदां तें मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. आधीं रुपये, मग टिंब, मग पैसे.

त्या मुलीचें पुढें काय झालें, हें सांगावयास हवें. दिवाळीच्या सुटींत ती वडिलांबरोबर पुन्हां त्याच खिडकीपाशीं गेली. फॉर्मवर तिनें १२००.०० असें लिहिलें व अक्षरांत 'एक हजार दोनशें रुपये फक्त' असें लिहिलें. पैसे मिळाले. रांगेंतील एका म्हाताऱ्या बाईनें आपलें पासबुक तिच्यापुढें धरलें, तेंहि तिनें वाचून दाखविलें.

सरावासाठीं उदाहरणें

१. ९०८ पैशांचे रुपये व पैसे करा आणि उत्तर टिंब देऊन लिहा.

२. १५ रुपये ६० पैशांचे पैसे करा.

३. ४.५ रुपये व ४.०५ रुपये ह्यांत मोठी रक्कम कोणती? किती पैशांनीं?

४. ३ रुपये ५ आणे ४ पै ह्यांच्या एकंदर पै किती?

५. मादागास्कर देशांत अरिआरी नांवाचें चलन आहे. त्याचे शंभर भाग नसून पांच भाग मानतात. असे ३७ भाग म्हणजे किती अरिआरी व किती भाग?

६. पासबुकांत शिल्लक २०४०.०५ आहे. ती अक्षरांत लिहा.

उत्तरें : (१) ९ रुपये ८ पैसे, ९.०८. (२) १५६० पैसे. (३) ४.५ रुपये, ४५ पैशांनीं. (४) ६४० पै. (५) ७ अरिआरी २ भाग. (६) दोन हजार चाळीस रुपये पांच पैसे.

सहावें उदाहरण ज्याचें चुकलें असेल, त्यानें तिसरी पायरी पुन्हां वाचावी.