किरकोळ दुरुस्तीचे मोल : घरोघरच्या मिस्त्रीच्या कामाचा एक अभ्यास

कंधार, उदगीर आणि औसा हे आपल्या नांदेड-लातूर परिसरातील किल्ले. ते कोणत्या राजवटीत उभे राहिले आणि पुढे कोणाच्या ताब्यात गेले, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. मात्र त्यांच्या तटबंदीतील फटी पावसाळ्यापूर्वी कोणी बुजवल्या, कुजलेल्या तुळया कोणी बदलल्या, याची नोंद क्वचितच सापडते. बांधणाऱ्याचे नाव राहते, राखणाऱ्याचे राहत नाही. आपल्या घरांच्या बाबतीतही हेच घडते. घर बांधल्याचे वर्ष दारावर कोरले जाते. त्या घराची गळती थांबवणारा मिस्त्री मात्र घरातल्या कोणाच्या स्मरणात राहत नाही. प्रस्तुत लेखात या विस्मृत श्रमाचा थोडा अभ्यास करावयाचा आहे.

मिस्त्रीचे काम

शहरात सकाळी मजूर अड्ड्यावर थापी, घमेले किंवा अवजारांची पिशवी घेऊन उभी राहणारी माणसे आपण रोज पाहतो. त्यांतील काही मोठ्या इमारतीच्या कामावर जातात, तर काही घरोघरी. घरोघरी जाणाऱ्याचे काम एका नावात मावत नाही. तो गवंडी असतो, पण नळाचे वायसरही बदलतो. दार चौकटीत अडकत असेल तर रंधा मारून ते मोकळे करतो. पत्र्याच्या खिळ्याभोवती पाणी झिरपत असेल तर खिळा बदलून खाली नवा वायसर घालतो. न्हाणीघराची तुंबलेली मोरी, टाकीचा बिघडलेला बॉल कॉक, भिंतीचा सुटलेला गिलावा अशी सगळी कामे त्याच्याकडे येतात. या कामांना आपण 'किरकोळ' म्हणतो, आणि या शब्दामुळे कामाबरोबर करणाराही किरकोळ ठरतो. "दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?" हा प्रश्न त्याला जवळजवळ प्रत्येक दारात ऐकावा लागतो. ती दहा मिनिटे कमावण्यासाठी त्याने किती वर्षे खर्चली, हे विचारणारा विरळाच.

काम लहान असले तरी त्याचा परिणाम लहान नसतो. एक साधे गणित पाहू. गळक्या तोटीतून सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे मानले, तर चोवीस तासांत सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने पाण्याच्या गाडीची वाट पाहिली, त्या शहरात काही रुपयांचे वायसर बदलणाऱ्या हाताचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आधी कारण, मग उपाय

चांगला मिस्त्री आल्याबरोबर थापी हातात घेत नाही. तो आधी पाहतो, ठोकून ऐकतो, आणि पाणी केव्हापासून व कोणत्या वेळी गळते ते विचारतो. स्लॅब फक्त पावसात गळत असेल तर दोष छतात असण्याची शक्यता अधिक. बारा महिने ओल राहत असेल तर आतली पाइप फुटली असावी. ओल जमिनीपासून वर चढत असेल तर पाणी पायातून येत आहे. डाग एकच असला तरी त्याची कारणे तीन असू शकतात, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो.

स्लॅबमधील लोखंडी सळईचे उदाहरण घ्या. भेगेतून पाणी आत गेले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो खालचे काँक्रीट ढकलतो आणि छताचे पोपडे पडू लागतात. घाईत काम उरकणारा त्यावर सिमेंटचा हात फिरवतो, चुन्याची पांढरी झळाळी आणतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पोपडा पुन्हा पडतो. जाणता मिस्त्री सुटलेला भाग काढून टाकतो, गंज घासतो, वरची भेग शोधतो, छताचा उतार तपासतो आणि पाणी पन्हाळाकडे नीट वाहते की नाही हे पाहतो. त्यानंतरच तो गिलावा करतो.

तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग या क्रमाने विचार करावयास शिकवले. कारण असेल तर परिणाम होतो. कारण नाहीसे झाले तर परिणामही थांबतो. ही विचारपद्धती केवळ विहारात बसून चिंतन करण्यासाठी नाही. शिडीवर चढून छत तपासणारा निरक्षर मिस्त्रीही कित्येकदा तिचाच अवलंब करत असतो.

माळवदाचा धडा

कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीची किंमत किती मोठी असू शकते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे काही क्षणांत ढिगारे झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार तोवर भूकंपापासून बरेचसे सुरक्षित मानले जाई.

या माणसांचा जीव घरांच्या रचनेने घेतला. जुन्या घरांच्या दगडी भिंती दोन-तीन फूट जाडीच्या होत्या, पण त्या मातीत रचलेल्या होत्या. आतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन थर आणि मधल्या पोकळीत गोटे-मातीचा भराव, अशी त्यांची रचना असे. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती कोसळल्या.

वर माळवद होते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा थर अशी माळवदाची बांधणी. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारे हे छप्पर आपल्या हवामानाला साजेसे होते. पण ते गळू लागले की लोक त्यावर माती टाकत. पुढच्या वर्षी पुन्हा गळले की पुन्हा माती. अशा रीतीने वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेले आणि काही घरांवर मातीची जाडी दोन फुटांच्याही पुढे गेली. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट माती. एका घनफुटाचे वजन पंचेचाळीस किलो धरले तरी हा भार नऊ हजार किलो, म्हणजेच नऊ टन होतो. नऊ टन माती डोक्यावर घेऊन कुटुंबे झोपत होती. दरवर्षीची दुरुस्ती स्वस्त होती, प्रामाणिकही होती. तिने गळती तात्पुरती थांबवली आणि संकट वाढवले. दोष त्या गरीब माणसांचा नव्हता. त्यांच्यापर्यंत योग्य ज्ञान पोहोचवण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांचा होता.

पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवण्यात आला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतर असंख्य गावांत मात्र घरे पाडली गेली नाहीत. त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. छपरावरील जादा माती उतरवणे, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरणे व दोन्ही थर जोडणे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार देणे, कोपरे बांधून घेणे ही त्यातील कामे. यांतील एकही काम असे नव्हते, जे गावचा गवंडी व सुतार शिकू शकला नसता. आवश्यकता होती ती शिकवणाऱ्याची.

या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या व त्यांनी घरोघरी मजबुतीकरणाची माहिती पोहोचवली. ही घटना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भिंती लिंपणे, जमीन सारवणे, पावसाळ्यापूर्वी फटी बुजवणे ही घरदुरुस्तीची कामे आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान् पिढ्या केली, पण त्यांना कोणी मिस्त्री म्हटले नाही. आजही बांधकामावर स्त्री घमेले वाहते, मात्र थापी तिच्या हाती क्वचितच दिली जाते.

वेसालीचा गरीब शिंपी

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक हृद्य प्रसंग आहे. भगवान बुद्ध वेसालीला असताना तेथील लोक संघासाठी बांधकामे करत होते. एका गरीब शिंप्यालाही वाटले की आपणही काही बांधावे. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या आणि भिंत उभारली. परंतु अनुभव नसल्यामुळे भिंत वाकडी झाली व कोसळली. असे तीनदा घडले. तेव्हा तो रागावून बोलू लागला की, जे दान देऊ शकतात त्यांना भिक्खू मार्गदर्शन करतात. मी गरीब, मला कोण शिकवणार?

ही तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला बोल लावला नाही, व्यवस्था बदलली. बांधकामावर देखरेख ठेवण्यासाठी भिक्खूची नेमणूक करण्याची अनुज्ञा दिली. या कामाला पाली भाषेत 'नवकम्म' म्हणतात. काम लवकर पूर्ण व्हावे आणि जे मोडले-तडकले असेल त्याची दुरुस्ती व्हावी, हे त्या भिक्खूचे कर्तव्य ठरले. अडीच हजार वर्षांच्या परंपरेत दुरुस्तीला असे मानाचे स्थान आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचे तेथील ब्राह्मी शिलालेखावरून कळते. ज्या परंपरेने कारागिराचे नाव दगडावर कोरू दिले, तिचे आपण वारस आहोत.

श्रम, जात आणि शिक्षण

पुढे मात्र जातिव्यवस्थेने कारागिराला कौशल्यावरून नव्हे, जन्मावरून ओळखले. ज्यांना हत्यार धरता आले असते त्यांना ओझी वाहावयास लावले, आणि गावकीच्या सक्तीच्या कामांना मोबदल्याचा हक्कही धड दिला नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा विचार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात मांडला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला. सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवारीची संधी मिळावी, अशी मागणी त्यांनी १९४२ मध्येच सरकारपुढे ठेवली होती. हातातील काम जातीने न ठरता शिक्षणाने ठरावे, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

१९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याने त्याची मोठी झळ सोसली. जळालेल्या घराची भिंत पुन्हा उभी करणे हे त्या वेळी केवळ बांधकाम नव्हते. आम्ही येथून हलणार नाही, हे सांगणे होते.

आज आपल्या समाजातील अनेक तरुण आयटीआय करून किंवा वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकून हे काम करत आहेत. त्यांची मोठी अडचण सुरक्षेची आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात दुरुस्ती व देखभाल या कामांचाही समावेश होता. पण कल्याणकारी नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याला असा दाखला मिळवणे कठीण जाते. तो शिडीवरून पडला तर त्या दिवसाच्या घरमालकाशी त्याचे नाते संपलेले असते.

आपले कर्तव्य

माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली, निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला नळाचे वायसर बदलणे, काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे, ओळंबा लावून भिंत तपासणे आणि छताचा उतार पाहणे आले पाहिजे. वसतिगृहात मिस्त्री आला की दोन विद्यार्थ्यांनी त्याच्याजवळ उभे राहून काम पाहावे व त्याला कारण विचारावे.

दुसरी, जे माजी विद्यार्थी अभियंते झाले आहेत, त्यांनी सुटीत येऊन गावच्या गवंड्यांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा. वेसालीच्या शिंप्याची तक्रार आजही ऐकू येते. तिला उत्तर देण्याची पाळी आता शिकलेल्यांची आहे.

तिसरी, मिस्त्रीला बोलावण्याआधी मजुरी ठरवावी आणि काम होताच ती द्यावी. तो मागेल तर नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी आपल्याकडील कामाची तारीख लिहून सही करून द्यावी. त्याला पाणी घरातल्याच पेल्यातून द्यावे. वेगळ्या पेल्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. तो अर्थ आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाता कामा नये.

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. कोणाचे नुकसान न करता, दुसऱ्याच्या डोक्यावरील छप्पर सुरक्षित ठेवून पोट भरणे, याहून तिचे सोपे उदाहरण मुलांना कोणते द्यावे?

नमो बुद्धाय! जय भीम!