घरबसल्या लेखन : खरं काम आणि खोटं काम

‘घरबसल्या लिखाण करा, महिन्याला तीस हजार कमवा.’ असा मेसेज तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. बारावी झालेली मुलगी तो वडिलांना दाखवते, वडील म्हणतात, फसवाफसवी आहे, आणि विषय तिथंच मिटतो. वडिलांचं बरोबर असतं, पण अर्धंच. मेसेज खोटा असला तरी काम खरं आहे. मराठीत लेख, भाषांतर किंवा संहिता लिहून पैसे मिळतात. परभणी जिल्ह्यात, जिंतूरला किंवा सोनपेठला बसूनही मिळतात. फक्त ते काम असं आपण होऊन दारात येत नाही.

आधी खोट्याचा बंदोबस्त करू. त्याची रीत ठरलेली आहे. पीडीएफची पानं टाइप करायची किंवा फॉर्म भरायचे काम देतात. कधी ‘नोंदणी फी’ घेतात, कधी तीही घेत नाहीत. पण एका करारावर सही आणि आधारचा फोटो मात्र मागून घेतात. मुदतीत शेकडो पानं करून दिली की सांगतात, अचूकता कमी भरली, करारभंग झाला. मग कुण्या वकिलाच्या नावानं नोटीस येते, कोर्टाचं नाव घेऊन फोन सुरू होतात आणि ‘प्रकरण मिटवायला’ पाच-सात हजार मागितले जातात. पोरगं घाबरतं, घरी सांगत नाही, मित्रांकडून उसने घेऊन भरतं. हे पैसे भरायचे नाहीत. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. भरून बसला असाल तर 1930 वर लगेच फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. मुलानं घरी सांगितलं तर आधी त्याच्यावर ओरडू नका, एवढंच पालकांना सांगणं.

कसोटी साधी आहे. लिहिणाऱ्याकडेच पैसे मागितले की ते काम नव्हे. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहात तुमची कविता घेतो, पाचशे रुपये पाठवा, सन्मानपत्र मिळेल’ हा प्रकारही याच कसोटीवर घासून बघा. ती फसवणूक नसेलही, पण कमाई तर नक्कीच नाही.

आता खऱ्या कामाकडे. नुसतं ‘मला लिहिता येतं’ म्हणून कुणी पैसे देत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘केसगळतीवर दहा घरगुती उपाय’ छापाच्या मजकुराचा भाव पडला. तो आता कुणीही फुकटात काढून घेतं. ज्याला एखादा विषय आतून माहीत आहे आणि तो सरळ मराठीत सांगता येतो, त्याला मात्र मागणी आहे. आणि इथं परभणीची पोरं कमी नाहीत. 1972 पासून कृषी विद्यापीठ या शहरात आहे. सोयाबीन, तूर, कापूस, हळद घरच्या रानात आहे. बियाणं आणि ठिबकच्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, शेतीचे ॲप, यूट्यूब चॅनेल या सगळ्यांना मराठी मजकूर लागतो, आणि पुण्या-मुंबईत बसून लिहिलेला मजकूर शेतकऱ्याला पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतो.

समजा, मानवतची एक विद्यार्थिनी आहे. घरी कापूस आहे. ती नमुना म्हणून 600 शब्द लिहिते, कापसाच्या ओलाव्यावर. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, 8 ते 12 च्या मध्ये त्या प्रमाणात कपात, 12 च्या वर गेला तर माल परत. इथपर्यंतचं कुठंही वाचायला मिळतं. पण सकाळी दव असताना वेचलेला कापूस तसाच गाडीत भरला तर काय होतं, ओलावा मोजणारं मीटर ढिगात कुठं खुपसतात, आकडा सांगितल्यावर शेतकरी काय विचारतो, हे ती स्वतः यार्डात उभं राहून लिहिते. असा एक लेख हातात असला की ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. असे दोन-तीन नमुने, त्यासोबत चार ओळींचा ईमेल : मी कोण, कोणत्या विषयावर लिहिते, सोबत काय जोडलंय, काम किती दिवसांत देईन. ‘मला लेखनाची खूप आवड आहे’ हे वाक्य त्यात नको. तिथं ते कुणी वाचत नाही.

विषय शेतीच हवा असं नाही. नर्सिंगची विद्यार्थिनी आरोग्यावर लिहू शकते, डीएड झालेला स्वाध्याय आणि प्रश्नसंच लिहू शकतो.

सुरुवात जवळून करा. आकाशवाणीचं परभणी केंद्र शहरातच आहे. तिथल्या भाषण-संहितेचं मानधन थोडं असतं, पण रीतसर करार होतो आणि बोलण्यासाठी लिहायची सवय लागते, जी पुढे यूट्यूब आणि ऑडिओच्या संहितांना उपयोगी पडते. कथा लिहिणाऱ्यांसाठी 2014 पासून प्रतिलिपी हे ॲप आहे; तिथं वाचकांच्या वर्गणीतून पैसे येतात, पण मालिका चिकाटीनं चालवावी लागते आणि वाचक जमेपर्यंत हाती फारसं काही लागत नाही. फाइव्हर, अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइट आहेत. फाइव्हरवर मराठी भाषांतराची कामं निघतात. मात्र 1000 रुपयांच्या कामातले 200 त्यांचे. अपवर्कवर अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ खर्ची पडतात आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात. वरच्या कसोटीला हा अपवाद, म्हणून नवख्यानं तिथून सुरुवात करू नये. नवं एक दार संगणकाला मराठी शिकवण्याचं आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारची ‘भाषिणी’ सुरू झाली, खासगी कंपन्याही या कामात आहेत. भाषांतर तपासणं, बोललेलं उतरवून काढणं अशी कामं त्यातून निघतात. बंगळुरूची ‘कार्या’ प्रादेशिक भाषांतल्या अशाच कामाचा मोबदला देते.

हत्यार म्हणाल तर युनिकोडमध्ये वेगानं मराठी टायपिंग यायला हवं. परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा दिली असेल तर हात बसलेला असतोच. शुद्धलेखन मात्र कुठल्याच क्लासवर सोडून चालत नाही.

दराचा हिशेब शब्दावर नव्हे, तासावर करा. शब्दाला 60 पैसे ठरले तर 800 शब्दांचे 480 रुपये होतात. माहिती काढून, लिहून, दुरुस्त करून पाच तास गेले तर तासाला 96 रुपये पडले. शिकताना ठीक, पण वर्षभर याच दरात राहायचं नाही. काम ईमेलवर लिहून घ्या : शब्द किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोणत्या तारखेला. नवीन माणूस असेल तर अर्धे आगाऊ मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही नोकर नसाल तर लेखनाचे पहिले मालक तुम्हीच. हक्क द्यायचे तर ते लेखी लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. त्यामुळे ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं दिसलं तर दर वाढवून मागा. पॅन कार्ड काढून ठेवा. टीडीएस कापला गेला आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

‘लिहून पोट भरतं का?’ हा प्रश्न परभणीला नवा नाही. बी. रघुनाथांसारखा लेखक इथं होऊन गेला आणि त्यांनीही सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करतच लिहिलं. तेव्हा अशा बाजूच्या कमाईची सोय नव्हती, आज आहे, एवढाच फरक. म्हणून पदवी, बीएड, स्पर्धा परीक्षा जे काही चाललंय ते चालू द्या आणि आठवड्याचे आठ-दहा तास याला द्या. आणि पालकांनो, पहिली दोन वर्षं ही कमाई घरखर्चाच्या हिशेबात धरू नका.