लेकराच्या मेंदूचा आणि मणक्याचा टीबी : बडनेऱ्याहून निघताना खर्चाचा हिशेब

ताप आठवड्यावर लांबला, सकाळी उलट्या होतात, हुंदडणारं लेकरू चिडचिडं होऊन पडून राहतं. किंवा पाठ ताठ धरतं, खाली पडलेला चेंडू न वाकता गुडघे दुमडून उचलतं. अशा वेळी आधी डॉक्टर, पैशाचं नंतर. झटका आला, गुंगी आली, तर त्याच रात्री अमरावतीचं इर्विन रुग्णालय गाठा.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, की धास्ती असते ती त्याच्या बिलाची. खासगी केंद्रात एका भागाचे साधारण चार ते आठ हजार लागतात. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन बहुधा वेगळं. लहान मुलाला अर्धा-पाऊण तास निश्चल ठेवायला भूल लागली, तर तेही वेगळं. म्हणून फोनवरच विचारा, ‘सगळं धरून किती?’ कॉन्ट्रास्ट वाचवून पैसे वाचत नाहीत. मेंदूच्या तळाशी पसरलेला दाह आणि टीबीच्या बारीक गाठी त्याच इंजेक्शनने नीट उठून दिसतात. नाहीतर दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. दुखणं मणक्याचं असेल तर पूर्ण मणका बघायचा का, हेही विचारून घ्या, कारण रोग एकाहून जास्त जागी असू शकतो. तातडीत डॉक्टर आधी सीटी सांगतात. तो काही मिनिटांत होतो आणि मेंदूत पाणी साचलंय का ते दाखवतो. फिल्मसोबत सीडी मागून घ्याच. पुढच्या दवाखान्यात तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

फोटो एकटा पुरत नाही, मेंदूच्या टीबीची शंका असली तर बहुधा पाठीचं पाणीही तपासावं लागतं. ते काढल्याने मूल लुळं पडतं, ही भीती खोटी आहे. त्या पाण्याची टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. औषधंही मोफत, डॉक्टर खासगी असले तरी. फक्त नि-क्षय या सरकारी पोर्टलवर नोंद हवी. हा उपचार साधारण वर्षभर चालतो. पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात, त्यासाठी आईवडिलांचं खातं चालतं. शंका असल्यास 1800-11-6666 या टीबी हेल्पलाइनवर विचारा.

भरती किंवा डोक्यातलं पाणी वळवायची शस्त्रक्रिया लागली, तर बिल भरण्याआधी रुग्णालयातल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. या आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे.

अकोल्याला किंवा नागपूरला पाठवलं, तर दवाखान्यातून रेल्वे सवलतीचा ठरलेला फॉर्म भरून घ्या. टीबीच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सेकंड व स्लीपरच्या भाड्यात 75 टक्के सूट मिळते.