मुलगा गेटपर्यंत येतो, तिथून पुढे

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग करायचं आणि माल पुढे धाडायचा. सगळी मिळून माणसं तिसाच्या आतच. गेली काही वर्षं शिकाऊ मुलं आम्ही एका भरती संस्थेमार्फत घेतो. त्यातून जे उमगलं, ते असं.

१. संस्थेचा खरा उपयोग मुलं शोधण्यापेक्षा कागद सांभाळण्यात जास्त होतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ मुलं घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर आपल्या मर्जीवर. आमच्यासारखे बरेच जण ‘नको ती भानगड’ म्हणून लांब राहतात, आणि त्यांचं मला नवल वाटत नाही. आमच्याकडे जीएसटी भरणारा, चेक लिहिणारा आणि टेम्पोवाल्याला फोन करणारा माणूस एकच. शिकाऊ मुलांची सरकारी पोर्टलवरची नोंदणी, करार, दर महिन्याची हजेरी त्याने कधी करायची? विद्यावेतनातला सरकारचा वाटा, म्हणजे पंचवीस टक्के आणि महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, आता थेट मुलाच्या खात्यात जमा होतो. त्यासाठी आधार, दहावीचा दाखला आणि बँक खातं यांवरचं नाव एकसारखं लागतं. एका मुलाच्या आडनावात एक वेलांटी वेगळी निघाली आणि त्याचे पैसे अडकले. संस्थेच्या मुलीने ते प्रकरण चिकाटीने सोडवलं. त्या दिवसापासून संस्थेचं सेवाशुल्क मला कधी जड वाटलं नाही.

२. मुलाचा करार आमच्याशी असतो, संस्थेशी नाही. हे कागदावर वाचलं होतं. त्याचा अर्थ कळला तो भुदरगडकडून आलेल्या एका वडिलांमुळे. मुलाला सोडायला आले होते. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “मालक, तुमचं किती द्यायचं?” आधी कुठल्या तरी दलालाने नोकरीच्या नावाखाली त्यांच्याकडून पैसे उकळले होते, आणि हीच रीत असं ते धरून चालले होते. शिकायला आलेल्या पोराकडून कुणीही दमडी घ्यायची नाही, हे आम्ही आता संस्थेबरोबरच्या करारात लिहून घेतो आणि पहिल्या दिवशी आईवडिलांना तोंडीही सांगतो. चारचौघांत, स्पष्ट सांगतो.

३. यादीतल्या टक्क्यांवरून हात कळत नाही. संस्था आयटीआयचे गुण पाठवते, तेवढंच ती पाठवू शकते. आम्ही मुलाच्या हातात एक शाफ्ट आणि व्हर्नियर देतो. एका मुलाने माप घेतलं, आम्हाला सांगितलं, मग स्वतःच थांबला. जॉबवरचं तेल फडक्याने पुसलं, व्हर्नियरचे जबडे पुसले आणि पुन्हा माप घेतलं. गुण त्याचे बेताचेच होते. आम्ही त्याला तिथेच घेतला.

४. मुलं काम अवघड म्हणून जात नाहीत, राहायची सोय नाही म्हणून जातात. मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते याच गोष्टीने. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाचं किमान विद्यावेतन महिन्याला ७००० रुपये ठरलं. चंदगड किंवा आजऱ्याहून आलेल्या मुलाने त्यात खोली, मेस आणि एसटी कशी भागवायची? दुसऱ्या महिन्यात मुलगा यायचा बंद होतो, फोन उचलत नाही, आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. आता यादी आली की मी आधी गाव बघतो. लांबचा असेल तर खोलीची व्यवस्था आधी, करार नंतर. किमान रकमेच्या वर थोडी भर आम्ही घालतो. मेसवाल्या मावशींना महिनाअखेरीपर्यंत थांबायला आम्हीच सांगतो. आणखी एक. जुलैत भातलावणीला घरी माणूस कमी पडतं, चैत्रात जोतिबाची यात्रा असते. या रजा आधीच धरून पाळ्या लावल्या की मुलगा सांगून जातो आणि ठरल्या दिवशी परत येतो. न सांगता गेलेला मुलगा बहुधा विचारायला घाबरलेला असतो.

५. शिकवणारा माणूस नेमावा लागतो, नुसतं ‘बघून शीक’ म्हणून भागत नाही. आमचे जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्याकडे दोन मुलं दिली तेव्हा त्यांचं उत्पादन घटलं. साहजिकच होतं. मग त्यांच्या रोजच्या नगांचं लक्ष्यच कमी केलं आणि शिकवणं हे त्यांच्या कामात धरलं. मामांचा नियम एकच: चकची चावी काढून हातात घेतल्याशिवाय स्विचकडे हात न्यायचा नाही. मुलं आठवडाभर फक्त तेवढंच घोकतात. कायद्याने शिकाऊ मुलगा कामगार नसतो, परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. पण त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची. मला हे अगदी न्याय्य वाटतं. स्वस्तातला ऑपरेटर हवा असेल त्याने या वाटेला जाऊच नये.

६. मुलींची नावं यादीत यावीत असं वाटत असेल तर आधी स्वच्छतागृह बांधावं. आम्ही बांधलं आणि मग संस्थेला कळवलं. आज तपासणी विभागात मायक्रोमीटर घेऊन बसणाऱ्या दोघी त्यानंतरच्या यादीतूनच आल्या.

७. शिकलेला मुलगा जातो. वर्ष संपतं, परीक्षा होते, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतली मोठी कंपनी त्याला नेते. त्याला ठेवून घेण्याचं बंधन आमच्यावर नाही आणि थांबण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पहिल्यांदा फार लागलं. मामांना तसं म्हणालो, तर ते म्हणाले, “मीही उद्यमनगरात शिकलो आणि तुमच्याकडे आलो. त्या मालकानं कुणाला बोल लावायचा?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेलेली मुलं आता गावाकडची नावं सुचवतात. भाऊ, मावसभाऊ, वर्गातली मुलगी. संस्थेच्या यादीआधी त्यांचा फोन येतो. तरी त्या मुलांना आम्ही संस्थेकडूनच यायला सांगतो. करार नोंदला गेला पाहिजे, विद्यावेतन खात्यात पडलं पाहिजे. ओळखीने आलेल्या पोराचं प्रमाणपत्र हुकलं, असं होता कामा नये.